इंग्रजीला 'च' नाही

खांदेश्वर स्थानकाबाहेर 'फाडफाड इंग्रजी बोला' अशी जाहिरात नसलेला खांब शोधावा लागेल. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरअखेर विमाने उडू लागली, आणि काउंटरवरच्या नोकऱ्यांसाठी आमच्या भागातली मुले मुलाखतींना जाऊ लागली. या विमानतळासाठी दहा गावे उठली. त्या घरांतली मुलेही याच रांगेत आहेत. आजोबांच्या जमिनीवर विमान उतरते आणि नातीची नोकरी मात्र उच्चारापाशी अडते.

माझे भांडण आहे ते त्या 'फाडफाड'शी. आपले इंग्रजी परक्याला कळत नाही ते हळू बोलल्यामुळे नव्हे, सगळी अक्षरे एकाच वजनाने टाकल्यामुळे. मराठीत ते शोभते. इंग्रजीत काही अक्षरांवर आघात पडतो आणि उरलेली त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसतात. केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली भाषांच्या तालाचे असे दोन प्रकार मांडले. पुढे यंत्रांनी मोजल्यावर ही विभागणी तितकी काटेकोर ठरली नाही, पण शिकणाऱ्याच्या कानाला ती अजून उपयोगी पडते. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधल्या आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. भलत्या जागी दिलेला आघात हे न समजण्याचे एक मोठे कारण म्हणून त्यात पुढे आले.

आपल्या लिपीने इंग्रजीसाठी 'ॲ' आणि 'ऑ' करून घेतले, आघातासाठी मात्र काहीच केले नाही. त्यामुळे 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर' आणि 'फोटोग्राफिक' आपण एकाच चालीवर म्हणतो. इंग्रज पहिल्यात 'फो'वर जोर देतो, दुसऱ्यात 'टॉ'वर, तिसऱ्यात 'ग्रा'वर. बँकेच्या सभांत 'कमिटी'चा 'क' ठणकावणारे साहेब मी पुष्कळ ऐकले. तिथे जोर 'मि'वर हवा. इंग्रजी शब्दकोशात उच्चारापाशी एक बारीक उभी रेघ असते. तिच्यापुढचे अक्षर जोराने म्हणायचे. क्लासची भरमसाट फी भरण्याआधी ही रेघ ओळखायला शिकावे.

पण खरी गंमत वाक्यात आहे. आपल्याकडे 'च' हा लाखमोलाचा प्रत्यय आहे. 'तुमचीच बॅग इथे आहे', 'तुमची बॅगच इथे आहे', 'तुमची बॅग इथेच आहे'. तीन वाक्ये, तीन अर्थ. इंग्रजीला 'च' नाही. तिथे 'युअर बॅग इज हिअर' एवढेच शब्द असतात आणि 'च'चे काम बहुतेक वेळा आवाजाला करावे लागते. कधी 'युअर'वर वजन, कधी 'बॅग'वर, कधी 'हिअर'वर. आपला मुलगा चारही शब्द सारखेच म्हणतो आणि समोरचा प्रवासी बुचकळ्यात पडतो.

शेजारच्या इमारतीतली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे येते. गाव उठलेल्यांपैकीच तिचे घर. वडील भजनात टाळ धरतात. मी तिला टाळच आणायला सांगितले. 'आय वुड लाइक टु अप्लाय फॉर द जॉब' या वाक्यात 'लाइक', 'अप्लाय'मधला 'प्लाय' आणि 'जॉब' एवढ्यांवरच टाळ वाजवायचा. मधले 'टु', 'फॉर', 'द' जेमतेम ऐकू यावेत, 'टु'चा 'ट' राहिला तरी चालेल. दोन दिवस तिला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी वाक्य लयीत आले. मात्र तिला अक्षरे गिळणे पटत नव्हते.

"काका, 'कम्फर्टेबल'चं 'कम्फ्टबल' करायचं, तर मग मधली अक्षरं लिहितात कशाला?"

मी तिला 'करतो' लिहायला सांगितले आणि मग म्हणायला. ती 'कर्तो' म्हणाली आणि गप्प झाली. आपणही 'र'मधला 'अ' रोज गिळतो. आईच्या भाषेत तो गिळल्याचे कळत नाही, एवढेच.

परदेशी हेल काढायला मी तिला शिकवत नाही. इंग्रजीतले दोन 'व' तिला अजून वेगळे काढता येत नाहीत, 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकच होतात. ते राहू द्या म्हटले. गुरुवारी मुलाखत आहे, तोवर टाळ माझ्याच टेबलावर राहील. वडिलांनी भजनासाठी दुसरी जोडी काढली आहे.