घोडा कोणाचा?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ ज्या घरांत अद्याप शिरला नसेल, त्या घरच्या वाचकांसाठीं प्रथम थोडा परिचय देणें अवश्य आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ प्रसिद्ध झाला. मेजाभोंवतीं चारपांच जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या मुखानें बोलतात, आणि यशापयशाचा प्रश्न आला कीं फांसा टाकून निर्णय होतो. आपल्या सारीपाटांत सर्वांच्या सोंगट्या सारख्याच. येथें प्रत्येकानें आपली सोंगटी स्वतः घडवावयाची असते. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धि, विवेक आणि छाप या सहा गुणांना अंक द्यावयाचे, पेशा ठरवावयाचा, हत्यारांचा व सामानाचा हिशेब मांडावयाचा. हें सारें ज्या कागदावर उतरतें, तो कागद म्हणजेच तें पात्र.

आमच्या बाळकुमच्या घरीं दर रविवारीं हा उद्योग चालतो आणि मुलांपैकीं निम्म्यांना घोडेस्वारच व्हावयाचें असतें. त्यांत नवल तें काय? दिवाळींतल्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या गर्दींतहि घोड्यावरचें चित्र आधीं विकत घेणारीं हींच मुलें!

स्वार घडविण्याचे इंग्रजी नियम मोठे चोख आहेत. २०१४ सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तीप्रमाणें (२०२४ सालीं ती सुधारली गेली, पण आमच्याकडे अद्याप जुनीच चालते) घोड्यावर चढावयास स्वाराची निम्मी चाल खर्ची पडते. लांब भाला जमिनीवर दोन हातांनीं पेलावा लागतो, घोड्यावरून एका हातानें चालतो. मात्र शत्रु अगदीं अंगाशीं भिडला कीं तोच भाला अडचण होतो. घोड्यावर आलेला घाव स्वारानें आपल्या अंगावर घ्यावा, असें एक कौशल्यहि पात्राला मिळवितां येतें. मला हा नियम फार आवडला. कारण या खेळांत खरा दुबळा असतो तो घोडाच. स्वार जसजसा अनुभवी होतो तसतसें त्याचें जीवनबल वाढत जातें. युद्धाश्वाचें मात्र पहिल्या दिवशीं १९, तेंच शेवटच्या दिवशीं १९. म्हणून हुशार मुलें असा पेशा निवडतात कीं ज्यांत मंत्रानें घोडा बोलावितां येतो व मेला तरी पुन्हा बोलावितां येतो.

हें ऐकून आमच्या मातोश्रींनीं भाजी निवडतां निवडतां विचारलें, “अरे, पण त्या घोड्याला चारा कोण घालतो?”

मुलांनीं पुस्तक उघडून पाहिलें. चाऱ्याची ओळ तेथें आहे. परंतु ती अशी कीं रोजचा चारा तांब्याच्या ५ नाण्यांचा आणि युद्धाश्वाची किंमत सोन्याच्या ४०० नाण्यांची. सोन्याच्या एका नाण्याचीं तांब्याचीं १०० होतात. मांडा त्रैराशिक! एका घोड्याच्या किमतींत ८००० दिवसांचा, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षांचा चारा येतो. ज्यानें हा भाव ठरविला त्यानें कोंकणांत एकहि पावसाळा काढलेला नसावा.

आपल्याकडे स्वाराचा विचार येथूनच सुरू होई. राजारामाच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणणारा व नाल ठोकणारा हे दोघे तेथें सैन्याच्या रचनेंतच बसविलेले आहेत. पावसाळा छावणींत काढावयाचा, दसऱ्यास बाहेर पडावयाचें, आठ महिने परमुलुखांत पोट भरावयाचें. छावणींत दाणा, वैरण आणि घोड्यांसाठीं गवतानें शाकारलेल्या पागा आधींच सिद्ध असत.

चिपळूणनजीकच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचें तें पत्र; पण त्यांत पराक्रमाचा शब्द नाहीं. वैरण आतांच मनास येईल तशी उधळलीत तर भर पावसांत ती मिळणार नाहीं, घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हींच मारले असें होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांतून दाणा व भाजी ओढाल आणि त्यांना मोंगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. पेटती वात उंदीर पळवून नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, इथपर्यंत त्यांत काळजी घेतली आहे.

दुसरा प्रश्न मालकीचा. सरकारचा घोडा घेऊन लढणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. आमच्या घोडबंदराच्या बाजूस परदेशीं घोडे उतरत म्हणून तें नांव पडलें, असें सांगतात. असा विकतचा घोडा म्हणजे घरादाराची पुंजी. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडा पडला कीं त्याची पुंजी बुडाली. बारगिराला दुसरा घोडा पागेंतून मिळे. त्याच्या मोबदल्यांत घोडा ‘माझा’ म्हणण्याचा हक्क त्याला नसे. महाराजांनीं पागा बलवान केली आणि शिलेदार तिच्या नजरेखालीं ठेविले. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हा भेद अधिक फोडून सांगावयास नको. सामाईक डब्यांतून खर्च करणारा कोण आणि आपली थैली वेगळी ठेवणारा कोण, हें प्रत्येक घर जाणून असतें; आमच्या येथें या वाक्यावर थोरल्या पुतण्यानें कागदावरून मान वर केली नाहीं. त्याला नुकती नोकरी लागली आहे.

त्याचें पात्र अर्थातच शिलेदार झालें. सोन्याच्या नाण्यांचा हिशेब त्यानें मोडला आणि घोडा विकत घेतांना घरच्या शेताचा तुकडा गहाण पडला, असें आपल्या कागदावर लिहिलें. धाकटी पुतणी बारगीर झाली. तिनें गुणांच्या रकान्यांखालीं तीन नवे रकाने आंखले आहेत: वैरण, नाल, पाणी. दर मुक्कामाला सूत्रधार त्यांतून वजा करतो, आणि वैरण शून्यावर आली कीं घोड्याचें बळ उतरूं लागतें. गेल्या रविवारीं लढाई झालीच नाहीं. दोन तास सर्वजण एका गांवाच्या पाटलाशीं गवताची घासाघीस करीत होते, आणि आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता.

एवढें मात्र खरें कीं पखालजी व्हावयास एकहि मूल तयार नाहीं. तूर्त ती सोंगटी मातोश्री हलवितात.