भुईकाट्याच्या पोटात

कारखान्याच्या दारात आलेल्या उसाचं भरलेलं वजन एकदाच होतं. ट्रॉली पुढे सरकते, मोळ्या गव्हाणीत पडतात, ऊस कातरला जातो आणि रस निघतो. त्यानंतर शंका आली तरी पुन्हा मोजायला ऊस शिल्लक नसतो. बारा ते अठरा महिने जोपासलेल्या पिकाचा हिशेब भुईकाट्यावरच्या लाल आकड्यांत, अर्ध्या मिनिटात पक्का होतो. ऊसपट्ट्यात हंगाम सुरू झाला की ‘काटामारी’ हा शब्द दरवर्षी कानावर येतो, त्याचं कारण हेच.

जुना भुईकाटा तरफांचा होता. प्लॅटफॉर्मखालच्या तरफा एकमेकींना जोडलेल्या असत आणि केबिनमधल्या दांडीवर काटेवाला वजन सरकवत असे. त्यातही लबाडी चाले. पण दांडी वर गेली, खाली आली, समतोल झाली, हे काचेतून पाहता तरी यायचं. आजच्या काट्यात पाहण्यासारखं काही हलत नाही. प्लॅटफॉर्म स्थिर, केबिनमध्ये एक इंडिकेटर, बाहेर मोठा डिस्प्ले. मोजमापाचं सगळं काम प्लॅटफॉर्मखालच्या पोलादी ठोकळ्यांच्या पोटात होतं. त्या ठोकळ्यांना लोडसेल म्हणतात. ज्याच्या पावतीवर आपला पैसा ठरतो ते यंत्र आतून कसं आहे, हे ऊस घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पोलाद कितीही मजबूत असलं तरी भार आला की वाकतं, दबतं, ताणलं जातं. भार काढला की मूळ जागी येतं. हा बदल अगदी थोडा असतो, पण भाराच्या प्रमाणात असतो. तो मोजण्याची युक्ती शंभर वर्षांच्या अंतराने लागलेल्या शोधांतून जुळत गेली. विद्युतरोधातला बारीक फरक पकडणारी चार भुजांची जोडणी सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३मध्ये ती लोकांपुढे आणली आणि ख्रिस्टींना श्रेय दिलं, तरी नाव मात्र ‘व्हीटस्टन ब्रिज’ असंच रुळलं. तार ताणली की तिचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६मध्ये दाखवलं. अमेरिकेत १९३८ साली एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, बारीक तार पृष्ठभागावर चिकटवून ताण मोजायची कल्पना प्रत्यक्षात आणली. रूज त्या वेळी भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं, याचा अभ्यास एका लहान प्रतिकृतीवर करत होते. टाकीच्या पातळ भिंतीवरचा ताण मोजायला साधन मिळेना, म्हणून त्यांनी ते तयार केलं. त्यातून स्ट्रेन गेज जन्माला आलं.

आजचं गेज तारेचं नसतं. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर कॉन्स्टंटन या तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नागमोडी जाळी कोरलेली असते. लोडसेलचा ठोकळा यंत्रावर घडवून, उष्णतेची प्रक्रिया देऊन झाल्यावर गेज लावायची जागा खरवडतात आणि पुन्हा पुन्हा पुसतात. बोटाचा तेलकट डाग राहिला तरी डिंक धरत नाही. मग भिंगाखाली, ठोकळ्यावर आखलेल्या रेघांशी गेजच्या खुणा जुळवून चार गेज चिकटवतात, शिकंज्यात दाबतात आणि भट्टीत ठेवून डिंक पक्का करतात. ठोकळ्यावर भार आला की दोन गेज ताणली जातात, दोन दाबली जातात. पूर्ण भाराला पोलादाची दर मिलिमीटर लांबी साधारण एक मायक्रॉनने बदलते. डोक्याचा केस सत्तर-एक मायक्रॉन जाड असतो, यावरून हा बदल किती बारीक आहे याचा अंदाज येईल. ३५० ओहमच्या गेजमध्ये त्यामुळे पडणारा फरक जेमतेम ०.७ ओहमचा.

लोडसेल घडवणाऱ्याचं कसब खरं दिसतं ते पुढच्या दोन गोष्टींत. पहिली गोष्ट तापमान. पोलाद तापलं की किंचित मऊ होतं, म्हणजे त्याच भाराला जास्त वाकतं. काहीच उपाय केला नाही, तर दहा अंश तापमानवाढीला लोडसेलचं उत्तर पाव टक्क्याहून थोडं जास्तच वाढतं. वीस टन उसाला हा फरक पन्नास किलोंचा. माघातल्या पहाटेची थंडी आणि त्याच दिवशी दुपारी तापलेला प्लॅटफॉर्म डोळ्यांपुढे आणा, म्हणजे यातला धोका कळेल. यासाठी वीजपुरवठ्याच्या वाटेवर, ठोकळ्याला चिकटूनच, निकेलचा छोटा रोध बसवतात. पोलाद तापतं तसा निकेलचाही रोध वाढतो, चार गेजच्या पुलाला, म्हणजे व्हीटस्टन ब्रिजला, मिळणारा विद्युतदाब तेवढाच कमी होतो आणि वाढ आपोआप खोडली जाते. रोध नेमका किती हवा, हे कागदावर ठरत नाही. लोडसेल थंड-गरम कपाटात ठेवून, भार देऊन, आकडे घेऊन मगच तो पक्का केला जातो.

दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. भार तसाच ठेवला तर पोलाद अगदी हळूहळू आणखी थोडं वाकत राहतं आणि आकडा वर सरकतो. याच वेळी गेजखालचा डिंक आणि पापुद्रा सैलावतात, आणि त्यांच्यामुळे आकडा खाली सरकू पाहतो. दोन्ही दोष उलट्या दिशेचे आहेत. म्हणून कारागीर गेजच्या जाळीच्या टोकाची वळणं कमी-जास्त लांब ठेवतात, जेणेकरून एक दोष दुसऱ्याला खाऊन टाकेल. ते जमलं की नाही, याची परीक्षा सोपी पण वेळखाऊ आहे. पूर्ण भार देऊन अर्धा तास थांबायचं आणि आकडा किती हलला ते पाहायचं. मग भार काढून शून्य परत येतं का ते पाहायचं.

आता बाहेर येणारा संकेत पाहू. समजा ६० टनांचा काटा आहे, दर १० किलोला आकडा बदलतो आणि खाली ३० टनांचे आठ लोडसेल आहेत. पुलाला १० व्होल्ट दिले तर लोडसेल पूर्ण क्षमतेला २० मिलिव्होल्ट देतो. पण आठांची क्षमता मिळून २४० टन. साठ टनांच्या गाडीला त्यातला चौथा हिस्सा वाट्याला येतो, म्हणजे पाच मिलिव्होल्ट. त्याचे सहा हजार भाग केले की १० किलोंच्या वाट्याला येतो सुमारे ०.८ मायक्रोव्होल्ट. व्होल्टचा दशलक्षावा भागसुद्धा पुरा नाही! तांबं आणि कॉन्स्टंटन यांच्या सांध्यात तापमानाच्या एका अंशाच्या फरकाला चाळीस मायक्रोव्होल्टच्या आसपास वीज तयार होते. म्हणजे एका बाजूचे सांधे दुसरीपेक्षा अंशाच्या पन्नासाव्या भागाने जरी गरम झाले, तरी दहा किलो ऊस खोटाच दिसू शकतो.

इंडिकेटरची रचना करणाऱ्यांनी याला दिलेली उत्तरं सुंदर आहेत. पुलाला दिलेल्या विजेची दिशा सारखी उलटसुलट करतात. भाराचा संकेत तिच्याबरोबर उलटतो, सांध्यातली वीज मात्र तशीच राहते, त्यामुळे ती वजा करता येते. लांब केबलमध्ये थोडा दाब गळतो, म्हणून चार तारांऐवजी सहा नेतात. जादा दोन तारा पुलापाशी प्रत्यक्ष किती दाब पोचला, ते परत येऊन सांगतात. आकड्यात रूपांतर करणारी चिप संकेताची तुलना त्याच दाबाशी करते, त्यामुळे वीजपुरवठा थोडा वर-खाली झाला तरी वजन बदलत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाची थरथर आणि मेन्सच्या ५० हर्ट्झचा उपद्रव गाळून, आकडा ठरावीक वेळ स्थिर राहिल्यावरच छपाईला परवानगी मिळते.

एवढं सगळं करूनही जागेवर काटा बिघडवणारी कारणं साधी असतात. प्लॅटफॉर्मच्या फटीत चिखल आणि पाचट दाटून बसतं आणि थोडा भार परस्पर जमिनीवर जातो. उंदीर केबल कुरतडतात. जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते. कुणीतरी प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करतं आणि परतीचा विद्युतप्रवाह लोडसेलमधून जाऊन गेज जळतात. हे टाळायला प्रत्येक लोडसेलला वळसा घालणारी तांब्याची वेणी लावतात. ती जागेवर आहे का, ते आवर्जून पाहावं.

काट्याची खरी परीक्षा ठरलेल्या पद्धतीने होते. वैधमापनाचा कायदा २००९चा, त्याचे नियम २०११चे, आणि त्यांचा पाया आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या शिफारशींचा. भारत १९५६पासून या संघटनेचा सदस्य आहे. आपल्या ६० टनी काट्याला पहिल्या पडताळणीत पाच टनांपर्यंत ५ किलो, वीस टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो इतकी चूक माफ असते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते.

पण आकडाच दहा-दहा किलोंनी बदलत असेल, तर पाच किलोंची चूक कळायची कशी? इथे निरीक्षकाची रीत पाहण्यासारखी असते. समजा ५,००० किलोंची प्रमाणित वजनं ठेवली आणि डिस्प्लेवर ५,००० आलं. आता त्यावर एक-एक किलोची वजनं अलगद ठेवत जायचं. चौथं ठेवताच आकडा ५,००० आणि ५,०१०च्या मध्ये लुकलुकायला लागला. आकडा बरोब्बर ५,००५ला पलटायला हवा. तो चार किलोंवरच पलटला, म्हणजे काटा एक किलो जास्त दाखवतो आहे. एका किलोच्या लोखंडी वजनांनी डिस्प्लेच्या आकड्यामागचा आकडा काढता येतो, ही मला या शास्त्रातली फार देखणी गोष्ट वाटते.

साठ टन वजनं कुठेच हाताशी नसतात. म्हणून आधी प्रमाणित वजनं ठेवून आकडा टिपतात आणि ती उतरवतात. मग तोच आकडा येईल इतका भार भरलेल्या वाहनाने किंवा पोत्यांनी द्यायचा आणि वर पुन्हा वजनं ठेवायची. अशा पायऱ्या चढत क्षमतेपर्यंत जाता येतं. शिवाय प्रत्येक लोडसेलच्या डोक्यावर तोच भार फिरवून पाहतात. कोपऱ्याकोपऱ्यात वेगळा आकडा आला, तर ट्रॉलीचं चाक कुठे थांबलं यावर उसाचं वजन ठरेल.

त्या लोखंडी वजनांचंही मूळ तपासलेलं असतं. वीस किलोच्या चाचणी-वजनात एका ग्रॅमपर्यंतची चूक चालते. त्याची तुलना निरीक्षकाच्या वजनांशी होते, ती प्रयोगशाळेतल्या वजनांशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोग्रॅमपर्यंत पोचते. २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नाही, प्लँकच्या स्थिरांकावर उभी आहे. उसाच्या पावतीवरचा आकडाही शेवटी तिथेच जाऊन टेकतो.

राहता राहिली लबाडी. लोडसेलपासून इंडिकेटरपर्यंत जाणारा संकेत इतका दुबळा, की वाटेत बोटभर सर्किट जोडून दूरवरून कळ दाबली तरी तो हवा तसा वळवता येतो. देशात ठिकठिकाणच्या भुईकाट्यांवर रिमोटने चालणारे असे प्रकार उघडकीला आलेले आहेत. डिजिटल किंवा स्मार्ट लोडसेल या दुखण्यावरचा चांगला उपाय आहे. त्यात संकेताचं आकड्यात रूपांतर पोलादी कवचाच्या आतच होतं. तापमानाची दुरुस्ती तिथेच, स्वतःचा अनुक्रमांकही तिथेच. बाहेर पडतो तो मिलिव्होल्ट नसतो, संदेश असतो. संदेशावर डिजिटल मोहोर असेल तर मध्ये काही घुसडलं की इंडिकेटर तो नाकारतो. आठपैकी एक सेल सतत कमी भार दाखवत असेल, तर तेही लगेच कळतं. माझ्या मते कारखान्यांच्या काट्यांवर हे सेल सक्तीचे व्हावेत. २०२५-२६च्या हंगामाला केंद्राचा एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. वर काढलेला पन्नास किलोंचा फरक म्हणजे खेपेला १७७ रुपये, आणि कारखान्यावर दिवसाला शेकडो खेपा येतात.

तरी सेल कितीही हुशार असला, कॅलिब्रेशन बदलायचा अधिकार कुणाकडे तरी असतोच. त्यासाठी शिशाचं सील असतं, आणि चांगल्या इंडिकेटरमध्ये एक मोजणी-आकडाही असतो. कॅलिब्रेशनला हात लागला की तो एकाने वाढतो आणि मागे घेता येत नाही. पडताळणीच्या दिवशीचा हा आकडा नोंदवून प्रमाणपत्राशेजारी दर्शनी लावला, तर भरारी पथकाची वाट न पाहता कुणीही शेतकरी तो डिस्प्लेवर मागून पडताळू शकेल.

रोजच्या तपासणीला मात्र एवढंही लागत नाही. गाडी चढण्याआधी बाहेरच्या डिस्प्लेवर शून्य हवं. इंडिकेटरला शून्य सावरायची मुभा क्षमतेच्या चार टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे साठ टनांना २.४ टन, म्हणून ते शून्य डोळ्यांनी पाहिलेलं बरं. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर हवीत. रिकाम्या वाहनाचं वजन संगणकातल्या जुन्या नोंदीवरून न घेता दर खेपेला घ्यावं, कारण ट्रॉलीला लागलेला चिखल रोज वेगळा असतो आणि शंभर लिटर डिझेलच ऐंशी किलोंहून जड भरतं. आणि भरलेल्या वजनाला ड्रायव्हर खाली उतरला असेल, तर रिकाम्या वजनालाही तो खालीच उभा हवा.