साष्टीचा पाद्री आणि ओवीचे पुराण

चातुर्मास लागला की घरोघरी पोथी उघडते. ओवीचा तो परिचित ठेका कानी पडताना कितीजणांना ठाऊक असते की, याच छंदात एका इंग्रज जेझुइट पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले आहे?

आपले मुलुंड ज्या बेटावर वसले त्याचे जुने नाव साष्टी. गोव्यातही झुवारीच्या दक्षिणेस दुसरी साष्टी आहे. एके काळी दोन्हींवर पोर्तुगीजांचा अंमल होता. आपली साष्टी 1737 च्या मराठी मोहिमेत मुक्त झाली. तिकडची साष्टी 1961 पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिली.

आदिलशाहीच्या सीमेवरील त्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य गेले. 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले, 1619 मध्ये तेथेच निवर्तले. ते आले तेव्हा साष्टीतील देवळे उद्ध्वस्त झालेली होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा भक्तांनी झुवारीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात नेली होती. ज्यांचे हे कुलदैवत आहे अशा मुलुंडच्या घरांना ही कथा नव्याने सांगावयास नको. 1583 साली कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे गावच्या नायकांना बोलावून घेऊन त्यांचीही हत्या करण्यात आली. स्टीफन्स याच सत्तेच्या छायेत वावरत होते, हे विसरता येत नाही.

त्याच सुमारास, 1584 मध्ये, पैठणास नाथमहाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते!

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, की जुनी पुराणे तर वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आम्हांस काय देता? देव दुरावले तरी ओवीची तहान भागली नव्हती. स्टीफन्स यांनी ती ओळखली. त्यांनी येशूची कथा ओवीत बांधली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि मराठीची मुक्त कंठाने स्तुती केली. ग्रंथ 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला.

1684 मध्ये राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेवरच बंदी घातली. तरीही पुराण हस्तलिखितांतून टिकले, स्थलांतरितांसह दक्षिणेस गेले आणि 1907 साली मंगळुरास पुन्हा छापले गेले. राचोलच्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही.