चाप, जीवा आणि शर : गिटारच्या पटीची भूमिती

भजनी मंडळांच्या परंपरेमुळे उचगावच्या पंचक्रोशीस पेटी, मृदंग आणि एकतारी ही वाद्ये जुन्या परिचयाची आहेत. बेळगाव, धारवाड आणि मिरज हा पट्टा तर हिंदुस्थानी गायकीचे माहेरच होय. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीस झाला. अशा या प्रदेशात आता मुलांच्या हाती गिटारही दिसू लागली आहे. त्यात आम्हांस वावगे काहीच वाटत नाही. खेद वाटतो तो एवढ्याचसाठी, की हौसेने घेतलेली गिटार पुष्कळदा पहिल्या पावसाळ्यानंतर खुंटीवर जाते, आणि वडीलधारी मंडळी ‘याच्या अंगी कलाच नाही’ असा निवाडा देऊन मोकळी होतात. दोष मुलाचा की वाद्याचा, हे कोणी तपासून पाहत नाही.

गिटारच्या दांडीवर बोटे टेकण्याची जी पटी असते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. नायलॉनच्या तारांच्या अभिजात गिटारीत ही पटी बहुधा सपाट असते. पोलादी तारांच्या गिटारीत ती आडव्या अंगाने किंचित फुगीर असते. हा फुगवटा म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा होय, आणि त्या वर्तुळाच्या त्रिज्येवरून तो मोजला जातो. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या गिटारींत ही त्रिज्या साधारणतः १६ इंच, गिब्सनच्या गिटारींत १२ इंच, तर फेंडरच्या जुन्या विजेच्या गिटारींत सव्वासात इंच आढळते.

हे आकडे ऐकून फरक फार मोठा वाटतो. येथे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील चाप, जीवा आणि शर यांचे स्मरण करावे. पटीची वक्र कड हा चाप, तिची रुंदी ही जीवा आणि मधला उंचवटा हा शर. पटीची रुंदी ४३ मिलिमीटर धरली, तर १६ इंच त्रिज्येला शर सुमारे ०.५७ मिलिमीटर येतो, १२ इंचांना ०.७६ आणि सव्वासात इंचांना सव्वा मिलिमीटर. म्हणजे १६ आणि १२ या त्रिज्यांमधील अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकेच! तरीही बोटांना ते जाणवते. एका बोटाने सहाही तारा दाबावयाच्या असतात तेव्हा थोडी गोलाई हाताला सोयीची पडते. उलट तार आडवी ओढून स्वर चढवावयाचा असेल, तर फार गोल पटीवर ती पुढच्या पडद्यांना घासून आवाज कोंडतो. सतारीचे पडदेही गोलाई दिलेलेच असतात. पण तेथे ते दांडीपासून उंच बांधलेले असल्याने मींड मोकळेपणाने घेता येते.

आता कार्बन फायबरच्या गिटारीविषयी. कार्बनचे धागे राळेत भिजवून, साच्यात थरावर थर देऊन ही गिटार घडवितात. लाकूड हवेतील दमट पाणी शोषते. आमच्याकडील मृगापासून दसऱ्यापर्यंतच्या हवेत गिटारचे पोट फुगते आणि तारा पटीपासून वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात लाकूड आकसून पडद्यांची टोके बाहेर येतात आणि बोटांना बोचतात. कार्बनला ही बाधा जवळजवळ होत नाही. साच्यातून निघालेली दांडी वर्षानुवर्षे तशीच राहते. मात्र पोलादी तारा हवेच्या उष्णतेने ढिल्या पडावयाच्या त्या पडतातच, आणि पडदे धातूचे असल्याने झिजतातही. शिवाय लाकडी पटी कुशल कारागीर रंधून तिची गोलाई बदलू शकतो. साच्यातील पटीची गोलाई सहसा जन्माचीच. म्हणून कार्बनची गिटार घेताना त्रिज्या आधी विचारणे अधिक अगत्याचे.

याला आणखीही एक बाजू आहे. गिटारच्या पटीसाठी ज्या शिसवीचा उपयोग होतो, ती आमच्या सह्याद्रीच्या रानातील. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या बंधनात आला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण लाकडावरील बंधन राहिले. कार्बनचे वाद्य हा त्या रानावरचा भार हलका करण्याचा एक मार्ग ठरतो.

तथापि साच्याने सारेच काम साधते असे नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने घासून त्याला जो सूक्ष्म उतार देतात, त्यातून जवारी उमटते. तार त्या उतारावर हलकेच टेकते व सुटते, म्हणून स्वरात स्वर मिसळल्याचा भास होतो. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास करून तिचे वैशिष्ट्य शास्त्रीय जगापुढे मांडले. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो उतार मात्र आजही कानानेच पारखला जातो.

पालकांना आमचे सांगणे इतकेच. दुकानात प्रथम बाराव्या पडद्याजवळ तारेची उंची पाहावी. दोन ते अडीच मिलिमीटर असल्यास वाद्य नवख्या हाताला सोसते. त्रिज्येचा विचार त्यानंतर करावा. जाड पुठ्ठ्यावर दोऱ्याने ४०६ मिलिमीटर त्रिज्येचा चाप आखून कापला व पुठ्ठ्याची खोलगट कड पटीवर टेकवली, की १६ इंचांची पटी ओळखता येते. कार्बनची किंमत परवडत नसल्यास लाकडी गिटार पेटीत बंद ठेवावी आणि पावसाळा संपताच एकदा कारागिरास दाखवावी. एवढे करूनही मूल वाजवीनासे झाले तर ती त्याची मर्जी. पण तारेच्या उंचीपायी त्याच्या हातावर ‘नालायक’ असा शिक्का बसू नये.