पॉवरगेमर म्हणजे नक्की कोण?

तर झालं असं. दर शनिवारी हिंजवडी फेज १ मधल्या एका फ्लॅटवर आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. चार आयटीवाले आणि पीएचडीवाली मी एकटी. शनिवार अशासाठी, की त्या दिवशी भूमकर चौक जरा माणसात असतो. नियमांचं पुस्तक इंग्रजी, पण गुहेतला राक्षस शिव्या मराठीतच देतो.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी: १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा आणला. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. "मी दार उघडतो" असं बोलत गोष्ट पुढे न्यायची. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. मोठ्यांची भातुकलीच म्हणा ना. तिथेही कुणाला बाहुलीच्या लग्नात रस असायचा, कुणाला फक्त चुलीत.

सूत्रधार मी. आमच्यातला एक टेस्टर प्रत्येक लढाईत नियम काढून बसायचा. एकदा वैतागून मी त्याला सगळ्यांसमोर "तू पॉवरगेमर आहेस" म्हणाले. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही.

अशी लेबलं जुनीच आहेत. ग्लेन ब्लॅकोने १९८० मध्येच चार शैली मांडल्या होत्या: पात्र जगणं, गोष्ट रंगवणं, डावपेच लढवणं आणि ताकद वाढवणं. रिचर्ड बार्टलने १९९६ मध्ये संगणकावरच्या बहुखेळाडू खेळांसाठी चार प्रकार सांगितले. ते खूप गाजले, पण अनुभवी खेळाडूंच्या चर्चेतून आलेले होते, मोजून काढलेले नव्हते.

मोजलं निक यी याने. २००६ च्या त्याच्या शोधनिबंधात ऑनलाइन खेळणाऱ्या ३,००० जणांची उत्तरं आहेत आणि पद्धत आहे घटक विश्लेषण. ही पद्धत गुणपत्रिकांवरून समजते. गणितात चांगले मार्क असणाऱ्यांना भौतिकशास्त्रातही बहुधा चांगले असतात, म्हणजे दोन्हींच्या मागे काहीतरी समान असावं. तसंच कोणती उत्तरं एकत्र वर-खाली होतात ते बघायचं. यीला तीन मोठे गट मिळाले: काही मिळवणं, माणसांत मिसळणं, त्या जगात रमणं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: एकात जास्त म्हणजे दुसऱ्यात कमी, असं निघालं नाही. म्हणजे हे खेळाडूंचे कप्पे नाहीत, मोजपट्ट्या आहेत, आणि प्रत्येकाचं माप तिन्हींवर वेगवेगळं.

अर्थात हे ऑनलाइन खेळांचं. टेबलाभोवती पाचच डोकी असतात आणि सूत्रधाराचा स्वभावही मापात मिसळतो. हे मला निबंधाने नाही, टेस्टरने शिकवलं. शेवटी फोन केला तर म्हणाला, "अगं, तुझ्या गोष्टीत मी काहीही केलं तरी व्हायचं तेच होतं. फाशाचं तरी तुला ऐकावं लागतं."

आवड म्हणून मी जी मोजत होते, ती निम्मी माझ्याच सूत्रधारपणाची करामत होती! माझा गाइड याला उपकरणातली त्रुटी म्हणाला असता.

आता मी शेवट ठरवून येत नाही, आणि सुरुवातीला प्रत्येकाला विचारते, आज काय करावंसं वाटतंय? गेल्या शनिवारी टेस्टरने सराईच्या मालकाशी खोलीच्या डिपॉझिटवरून पाऊण तास घासाघीस केली. फासा एकदाही उचलला नाही.