नित्य कुतूहल : माशाच्या डोक्यावरची खिडकी

आश्विन लागून भाट्ये खाडीचे गढूळ पाणी निवळू लागले, की जिताड्यासाठी गळ टाकणारे जाणते लोक काठापासून चार पावले मागे उकिडवे बसतात, आणि एखादे पोर धावत कडेशी आलेच तर हातानेच त्यास खाली बसवितात. पाण्यातल्या माशाला काठावरचा माणूस दिसतो तरी कसा?

प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश माशाच्या डोक्यावरील एका वाटोळ्या खिडकीत आवळून बसते. मासा एक हात खोल असेल, तर तिची रुंदी सुमारे सव्वादोन हात. तो वर येईल तसतशी ती लहान होते. तिच्या हद्दीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे निव्वळ आरसा, ज्यात तळच उलटा दिसतो. उभा माणूस खिडकीच्या कडेवर स्पष्ट उमटतो. बसलेला मात्र कडेच्या चिंचोळ्या पट्टीत दबून जवळजवळ नाहीसा होतो.

इंग्रजी अमलात निलगिरीच्या व काश्मीरच्या थंड पाण्यात आणून सोडलेला ट्राउट पिसांच्या कृत्रिम माशीला भुलतो, त्यातही या आरशाचा वाटा मोठा आहे. तरंगती माशी दूर असता तिचे अंग त्यास दिसतच नाही. तिच्या पायांनी पाण्यावर दाबलेले खळगे तेवढे चांदीच्या टिकल्यांसारखे चमकतात, मग खिडकीच्या कडेशी पंखांची टोके डोकावतात, आणि सबंध देह अगदी शेवटी. म्हणूनच माशी बांधणारा कारागीर कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस निवडून गळाभोवती गुंडाळतो; त्याचे तंतू पाण्यावर टेकले, की खऱ्या पायांसारखेच खळगे पडतात.