ला होयाच्या कड्यावरचे झोळीवाले

कोस्ट बुलेवार्डवर गाडी लावून दार उघडताच वास अंगावर येतो. सुक्या बोंबलांच्या बाजारात वाढलेल्या नाकालाही तो जड जातो. यात नुसती मासळी नाही, ती पचवून वर्षानुवर्षं कड्यावर सोडलेला पांढरा थर आहे. सॅन डिएगो शहरातला ला होया हा धनिकांचा भाग. रस्त्याच्या एका बाजूला महागडी हॉटेलं, दुसऱ्या बाजूला कठडा, कठड्याखाली पिवळट वालुकाश्माचा कडा आणि त्याखाली पॅसिफिक. या वासावरून इथे पूर्वी रणं माजलेली आहेत. २०१३ साली पालिकेने कड्यावर विष्ठा खाणाऱ्या जिवाणूंचा फवारासुद्धा मारून पाहिला आणि हॉटेलवाले कोर्टात गेले. वास आहे तिथेच आहे. पक्षीही.

जानेवारीची सकाळ. सात वाजायला आलेत. माझी भाची डिकीतून ट्रायपॉड काढतेय आणि माझं लक्ष खालच्या कड्याकडे.

"मावशी, पक्षी काय बघतेस, आधी झावळ्या बघ," ती म्हणते.

बागेतल्या ताडांच्या झावळ्या समुद्राच्या दिशेने हलताहेत. म्हणजे वारा जमिनीवरून, आमच्या पाठीमागून येतोय. तिला हेच हवं होतं. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी असले की उतरणारा प्रत्येक पक्षी पंख पसरून सरळ आपल्या दिशेने येतो, तोंडावर ऊन घेऊन. वारा समुद्रावरून असेल तर सगळे पाठमोरे. इथे येणारे जुने फोटोवाले म्हणूनच लेन्सआधी हवामान तपासतात.

कठड्याशी आठ-दहा जण आधीच उभे आहेत. तोफांसारख्या लेन्सा, गुडघ्यांना पट्टे, कोणाची तरी बायको घडीच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसलेली. सगळे कुजबुजत बोलताहेत आणि खालून सी-लायन भुंकताहेत, पाणकावळे घोगऱ्या आवाजात भांडताहेत. झोळीवाले, म्हणजे पेलिकन, मात्र गप्प. पूर्ण वाढलेला ब्राउन पेलिकन जवळजवळ मुकाच असतो. आवाज करायचा तो पिल्लांनी, घरट्यात.

आणि तो बसलाय केवढ्या जवळ! माझ्यापासून चार-पाच हातांवर, कठड्याच्या थोडा खाली एक नर किंवा मादी (रंगावरून ओळखता येत नाही, दोघांचा साज सारखाच). डोकं वर पिवळसर, खाली पांढरं. मानेची मागची बाजू गडद तपकिरी, मखमली, इतकी दाट की वाऱ्याने तिच्यावर भांग पडतो. पाठीवरची पिसं राखाडी, प्रत्येकाच्या मधोमध रुपेरी रेघ. डोळा फिकट, जवळजवळ पांढरा. चोच फूटभर लांब, टोकाला आकडी, आणि आकडीवर पाण्याचा एक थेंब लोंबतोय, पडत नाही. चोचीखालची झोळी गळ्यापाशी लालभडक. हा लाल रंग विणीच्या हंगामापुरता. त्याच्याचसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी जगभरचे छायाचित्रकार या कड्यावर येतात. उन्हाळ्यात हाच पक्षी मातकट दिसतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

"हेड थ्रो!" डावीकडून कोणीतरी दबक्या आवाजात ओरडतं आणि सगळ्या लेन्सा एकदम वळतात.

पलीकडच्या खडकावरचा पक्षी मान मागे टाकतो. चोच आकाशाकडे, झोळी ताणून गळ्यावर पसरलेली, लाल कातडीतून ऊन आरपार आणि आतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट. दीड-दोन सेकंद. तेवढ्यात शटरचा असा काही कडकडाट होतो की खालचा एक सी-लायन मान वर करून बघतो. मग चोच खाली येते आणि पक्षी पंख सावरून बसतो. हा सगळा खटाटोप म्हणजे झोळीला दिलेला आळोखापिळोखा, एवढंच. पण 'तो' फोटो मिळाल्याशिवाय इथून कोणी हलत नाही. मला विचाराल तर, ही पोज आता इतकी झाली आहे की एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर खपून जाईल.

भाचीचंही तेच मत दिसतं. ती कॅमेरा समुद्राकडे वळवते. शटर १/२५००, फोकस सतत मागावर राहणारा, आणि एक्स्पोजर मुद्दाम थोडं कमी. "अंग काळपट, डोकं पांढरं. अंगाकडे बघून एक्स्पोजर ठेवलं की डोकं जळतं. अंगाची सावली नंतर उजळता येते, जळलेलं डोकं परत येत नाही."

लाटांवरून सात पक्ष्यांची रांग येते. पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर, आणि उडतात पाण्यापासून वीतभर उंचीवर. पुढचा दोन-तीनदा पंख मारतो, मग तरंगतो. मागचाही तेवढेच मारतो, मग त्याच्या मागचा. लाट फुटायच्या बेतात आली की अख्खी रांग तिच्या चढावरून सरकते आणि फुटण्याआधी पुढच्या लाटेवर जाते. सरकणारी लाट आपल्यापुढची हवा वर ढकलते, तिच्यावर हे फुकट प्रवास करतात. इथून उत्तरेला दिसणारा लांब धक्का स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा. तिथल्याच संशोधकांनी २०२१ साली याचं गणित मांडलं. शांत हवेत सपाट पाण्यावर उडण्याच्या मानाने लाटेवरून सरकताना साठ ते सत्तर टक्के ताकद वाचू शकते, असं ते निघालं.

रांग खाडीच्या तोंडाशी फुटते. पाण्यावर काळसर डाग सरकतोय, वर कुरव घिरट्या घालताहेत. अँकोव्हीचा थवा असणार. हे मासे आपल्या मांदेलीच्या कुळातले, आणि कॅलिफोर्नियाच्या झोळीवाल्याचं पोट मुख्यतः त्यांच्यावर आणि तारलीवर चालतं.

एक पक्षी वर चढतो, दुमजली घराच्या तरी वर. हवेत थबकल्यासारखा होतो, अंग कलतं करतो आणि कोसळतो. भारतात येणारे झोळीवाले असं करत नाहीत. ते तरंगत, टोळीने मासे कोंडून झोळीत भरतात. उडी मारून मासा धरणारे झोळीवाले जगात दोनच, हा ब्राउन आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा पेरूव्हियन. पडता पडता पंख मागे जातात, छत्री मिटावी तसे, आणि पाण्यातून धप्प आवाज इथपर्यंत येतो.

नुसत्या डोळ्यांना एवढंच दिसतं. भाची स्क्रीनवर एकेक फ्रेम पुढे सरकवते तेव्हा बाकीचं कळतं. पाण्याला टेकायच्या आधीच्या फ्रेममध्ये पक्षी डावीकडे वळलाय. त्याची श्वासनलिका आणि अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाला असतात, आपटण्याचा मार त्यांना बसू नये म्हणून हा मोहरा फिरवलेला. छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या, त्या धक्का झेलतात. पुढच्या फ्रेममध्ये फक्त फेस. त्यापुढे डोकं वर, पण चोच खाली छातीशी दाबलेली. झोळीत दहा लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते गाळून टाकल्याशिवाय मासा गिळता येत नाही आणि पाणी उतरेपर्यंत पक्षी जागेवर अडकलेला. राखाडी अंगाचा, लाल चोचीचा हीरमन कुरव हेच हेरून असतो. तो सरळ येऊन झोळीवाल्याच्या डोक्यावर बसतो, वाकतो आणि चोचीच्या फटीतून निसटणारी शेपटी ओढतो. झोळीवाला काही करत नाही. करणार काय, तोंड उघडलं तर उरलेलेही जातील.

थर्मासवाल्या बाई मला कॉफी देतात. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात, याच किनाऱ्यावर वाढलेल्या. त्या सांगतात की त्यांच्या तरुणपणी झोळीवाला दिसला की लोक एकमेकांना फोन करून सांगत.

तो इतका दुर्मिळ होण्याचं कारण समुद्राच्या तळाशी आहे. लॉस एंजेलिसजवळ टॉरन्सला माँट्रोज कंपनीचा डीडीटीचा कारखाना होता. त्याचं सांडपाणी शहराच्या गटारातून पॅलोस व्हर्डीसच्या समुद्रात जाई. डीडीटी गाळातून बारीक जिवांत, तिथून अँकोव्हीत, तिथून झोळीवाल्यात. पक्षी मेले नाहीत, त्यांच्या अंड्यांचं कवच पातळ झालं. आणि हा पक्षी अंडी उबवतो ती पोटाखाली घेऊन नव्हे, पडद्याच्या पावलांखाली धरून, जवळजवळ त्यांच्यावर उभा राहून. आईच्या पायाखाली अंडी फुटत होती. १९७० साली अॅनाकापा बेटावर ५५२ घरट्यांतून एकच पिल्लू निघालं. त्याच वर्षी पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. यादीतून नाव निघायला २००९ उजाडलं.

हे ऐकताना मला आमच्या गावचे मलेरियावाले आठवतात. पाठीवर पंप, भिंतींवर पांढरे ओघळ, दारावर गेरूने लिहिलेली फवारणीची तारीख. डीडीटीने आपल्याकडे हिवतापापासून माणसं वाचवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. घराच्या भिंतीवर मोजून मारणं वेगळं आणि टनावारी समुद्रात सोडणं वेगळं, एवढा फरक मात्र ठेवायला हवा. पॅलोस व्हर्डीसच्या गाळात ते आजही आहे.

साडेनऊ होतात. ऊन पांढरं पडू लागतं, तोफा पिशव्यांत जाऊ लागतात. पर्यटक येतात, सेल्फीसाठी कठड्यावरून वाकतात. पलीकडचं पॉइंट ला होया सी-लायनांसाठी २०२३ पासून बाराही महिने बंद आहे, तरी साखळीवरून पाय टाकणारा एक जण सापडतोच. त्याला बघून कड्याच्या टोकावरचे चार झोळीवाले उठतात आणि समुद्रावर जातात. ओली पिसं वाळवायला आणि झोपायला त्यांना कोरडी, निवांत जागा लागते. अशा जागा या किनाऱ्यावर फार उरलेल्या नाहीत.

"मावशी, पाय बघ त्याचे."

भाचीने सकाळपासून ज्या पक्ष्याकडे कोणी बघितलं नाही त्याच्यावर लेन्स रोखलीय. तपकिरी डोकं, मळकट पोट, एक लहान वयाचा झोळीवाला. पायात निळी कडी. इंटरनॅशनल बर्ड रेस्क्यू या संस्थेची. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तेल सांडलं तेव्हा ती सुरू झाली. २००९ पासून बऱ्या करून सोडलेल्या झोळीवाल्यांना ती निळ्या कड्या घालते, वर पांढरी अक्षरं, दुर्बिणीतून वाचता येतील अशी. म्हणजे हा पोर एकदा पिंजऱ्यात राहून आलेला. उपाशी सापडला असेल. २०२२ आणि २०२४ च्या वसंतात शेकडो झोळीवाले गळून जाऊन किनाऱ्यांवर, रस्त्यांवर पडलेले सापडले होते. २०२४ मध्ये मासळी होती, पण वादळी वाऱ्याने आणि खवळलेल्या पाण्याने ती त्यांच्या उडीच्या टप्प्यात आली नाही, असा वन्यजीव खात्याचा अंदाज होता. किंवा गळ लागला असेल. धक्क्यांवरचे हौशी गळवाले आणि झोळीवाले एकाच अँकोव्हीच्या मागे असतात. पंखात गळ आणि अंगाला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे गळाची दोरी, घेऊन येणारे पक्षी या संस्थेत नित्याचे.

पक्षी पाय बदलतो आणि कडी फिरते. भाची दहा-बारा फ्रेम घेते. एका फ्रेममध्ये अक्षरं सगळी दिसतात. फोटो म्हणून ती फ्रेम कोणी भिंतीवर लावणार नाही. मागे शिटलेला खडक, पक्ष्याची मान कापलेली, उजेड कडक. तरी आज या कठड्यावर काढलेल्या हजारो फोटोंत हा एकच असा आहे ज्याची कोणीतरी वाट बघतंय. बऱ्या केलेल्या पक्ष्यांतले किती जगतात, कुठवर जातात, हे संस्थेला कळतं ते अशाच वाचलेल्या अक्षरांवरून. ती तिथल्या तिथे फोनवर फॉर्म भरते: जागा, तारीख, कोणत्या पायात, पक्षी चांगला उडतोय का.

आपल्याकडेही हे होतं. ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या पायात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) घातलेल्या कड्या असतात. चिखलपायऱ्या पक्ष्यांच्या पायाला रंगीत पट्ट्या असतात, मंगोलियाहून येणाऱ्या एखाद्या पट्टकादंबाच्या गळ्यात अक्षरांचा पट्टा. शिवडी, ऐरोली, उरण, भिगवण, कुठेही कॅमेरा घेऊन गेलात आणि असा पक्षी दिसला, तर थव्याचा देखावा टिपून झाल्यावर दोन मिनिटं त्याच्या पायांना द्या. रंग आणि अक्षरं दिसतील असा फोटो काढा आणि बीएनएचएसला पाठवा. सोबत ठिकाण आणि तारीख लिहा, त्याशिवाय ती नोंद अर्धी राहते. आणि गळ टाकून बसला असाल नि पक्षी अडकला, तर तंगूस तोडून त्याला सोडू नका. हळूहळू ओढून घ्या, डोक्यावर फडकं टाका, गळ काढा किंवा काढू शकणाऱ्याला बोलवा. तुटलेली तंगूस घेऊन उडालेला पक्षी पहिल्याच झाडाला लटकतो.